गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा टप्पा ठरवताना: एमआरआय आणि पेट-सीटी एकत्र वाचताना या चुका टाळा

फिगो या स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१८ मध्ये वर्गीकरण सुधारले आणि टप्पा ठरवताना स्कॅनच्या निष्कर्षांना अधिकृत स्थान दिले. ओटीपोटातील लसिका ग्रंथीत रोग आढळला तर टप्पा ३सी१, महाधमनीलगतच्या ग्रंथीत आढळला तर ३सी२. म्हणजेच एका ग्रंथीबद्दलची चूक थेट उपचार बदलते: शस्त्रक्रियेऐवजी केमो-रेडिएशन द्यावे लागते किंवा किरणांचे क्षेत्र वरपर्यंत वाढवावे लागते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे एका स्कॅनचे काम दुसऱ्याकडून करून घेणे. गाठीचा आकार २ सेंमीपेक्षा कमी आहे की ४ सेंमी वा अधिक, आणि ती गर्भाशयमुखाबाहेरच्या ऊतींत शिरली आहे का, हे एमआरआयवर पाहावे; टी२ या प्रकारच्या एमआरआय प्रतिमेत गर्भाशयमुखाभोवतीचे काळे वलय अखंड असेल, तर प्रसार नसण्याची शक्यता बरीच असते. एमआरआयचे छेद (कापांच्या प्रतिमा) गर्भाशयमुखाच्या मार्गाला काटकोनात घेतलेले नसतील, तर मात्र वलय तुटल्याचा भास होतो. पेट-सीटीचे बळ ग्रंथी आणि दूरच्या अवयवांतील प्रसार शोधण्यात आहे.

एफडीजी, म्हणजे पेट-सीटीसाठी टोचली जाणारी किरणोत्सर्गी साखर, लघवीतून बाहेर पडते, म्हणून मूत्राशय उजळते आणि शेजारची गाठ झाकोळते. मूत्रवाहिनीत साचलेला एखादा थेंबही रक्तवाहिनीलगतच्या ग्रंथीसारखा दिसतो, आणि हा गोंधळ अनुभवी डोळ्यांनाही फसवतो. असा ठिपका दिसला की छेद वर-खाली सरकवून तो नळीच्या वाटेवर आहे का ते पाहावे, आणि तरीही शंका उरल्यास लघवी करून आल्यावर उशिराची प्रतिमा घ्यावी. दोन स्कॅन वेगवेगळ्या दिवशी झाले असतील, तर मूत्राशय व आतडी तेवढीच भरलेली नसतात. त्यामुळे संगणकाने एकावर एक ठेवलेल्या प्रतिमा सरकलेल्या असू शकतात. अशा एकत्रित रंगीत प्रतिमेवर विसंबण्यापूर्वी मूळ प्रतिमा शेजारी ठेवून पाहाव्यात.

उजळलेली प्रत्येक ग्रंथी कर्करोगाची नसते. क्षयरोग, एचआयव्ही आणि साधा संसर्गही तिला उजळवतात. रजोनिवृत्ती न झालेल्या स्त्रीच्या अंडाशयात आणि गर्भाशयाच्या अस्तरातही एफडीजी शोषली जाते, म्हणून पाळीची तारीख विचारून नोंदवावी. नुकत्याच झालेल्या बायोप्सीमुळे आलेली सूज गाठ मोठी असल्याचे भासवते. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: ग्रंथीतील कर्करोगाचा ५ मिमीपेक्षा लहान साठा पेटवर सहज निसटतो, त्यामुळे ‘पेट स्वच्छ’ याचा अर्थ ‘ग्रंथी मुक्त’ असा लिहू नये. उपचाराची दिशा एकाच संशयास्पद ग्रंथीवर अवलंबून असेल, तर शक्य तेथे तिचा नमुना घ्यावा.

तयारीकडेही दुर्लक्ष होते. किमान ४ ते ६ तास उपाशी राहणे व साखर नियंत्रणात असणे आवश्यक आहे, आणि मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधामुळे आतडी उजळतात. ते थांबवायचे का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावे.

अहवालात ३सी टप्प्यापुढे ‘आर’ म्हणजे स्कॅनवरून, ‘पी’ म्हणजे ऊतीतपासणीवरून, अशी नोंद करावी, आणि टप्प्याबद्दल शंका उरल्यास फिगोच्या नियमानुसार खालचा टप्पा द्यावा.