कुयुत्लानच्या पद्धतीने मीठ काढताय? या चुका टाळा

मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, कोलिमा राज्यात, कुयुत्लान हे गाव आहे. तिथे मीठ काढणाऱ्यांना सालिनेरो म्हणतात आणि त्यांची सहकारी संस्था १९२५ पासून चालू आहे. त्यांची पद्धत दिसायला सोपी आहे. करून पाहणारे मात्र ठरावीक ठिकाणी अडखळतात.

पहिली चूक समजुतीची. उरण-पेणकडची मिठागरं पाहिलेल्या माणसाला वाटतं, भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि वाफ्यात आटवायचं. कुयुत्लानला समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, तरी तिथली सुरुवात मातीपासून होते. कोरड्या महिन्यांत खाजणाचं पाणी ओसरतं आणि तळाच्या मातीवर क्षार फुलून येतात. ती माती खरवडून 'तापेइस्त्ले'मध्ये घालतात. हे दोन मजली गाळणं असतं : वर माती, खाली हौद. वरून ओतलेलं खारं पाणी मातीतलं मीठ सोबत घेऊन खाली झिरपतं. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सगळे क्षार मिळून जेमतेम ३५ ग्रॅम असतात. मातीतून आलेलं पाणी त्याहून कितीतरी दाट असतं, त्यामुळे आटवायला कमी दिवस लागतात. जूनमध्ये पाऊस येतो, म्हणून हे दिवस वाचवणं फार मोलाचं.

हौदातलं पाणी गढूळ येतंय? मग माती चेपून भरली असेल, किंवा पाणी एका जागी धबाधबा ओतलं असेल. माती भुसभुशीत ठेवा, पाणी सगळीकडे सावकाश सोडा. तरीही गढूळच आलं तर एक दिवस निवळू द्या. हा दिवस वाया जात नाही.

पाणी पुरेसं दाट झालं का, हे अंडं तरंगवून ठरवू नका. ताजं अंडं साधारण १०-१२ टक्के मिठातच वर येतं. मिठाचे खडे धरायला मात्र सुमारे २६ टक्के लागतात. वाफ्याच्या कडेला पहिले खडे दिसणं, हीच खात्रीची खूण.

आता सगळ्यात मोठी चूक, जिच्यामुळे चांगलं मीठ फुकट जातं : वाफा पूर्ण कोरडा होऊ देणं. पाणी आटताना क्षार एकदम खाली बसत नाहीत, त्यांचा क्रम असतो. आधी चुना आणि जिप्सम बसतात, मग खायचं मीठ. मॅग्नेशियमचे क्षार शेवटपर्यंत पाण्यातच राहतात. तो शेवटचा तेलकट, कडवट रस मिठावरच सुकवला की मीठ कडू लागतं. शिवाय मॅग्नेशियम क्लोराईड हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे बरणीतलं मीठ सतत ओलं राहतं. म्हणून थोडं पाणी शिल्लक असतानाच मीठ ओढून काढा, ढीग करा, निथळू द्या. कडू झालेलं मीठ साध्या पाण्याने धुऊ नका, ते विरघळून जाईल. मिठाच्याच संपृक्त पाण्याने, म्हणजे आणखी मीठ विरघळणार नाही इतक्या खारट पाण्याने, पटकन धुवा. आणि दाताखाली कचकच लागणारा, पाण्यात सहज न विरघळणारा पांढरा चुरा सापडला, तर ते बहुधा जिप्सम. पुढच्या वेळी खडे धरायच्या आधी तळ न ढवळता वरचं पाणी दुसऱ्या वाफ्यात काढून घ्या.

पृष्ठभागावर तरंगणारी पातळ साय म्हणजे 'फ्लोर दे साल', मिठाचं फूल. ती कडक ऊन आणि शांत हवा असेल तरच धरते. वाऱ्याने किंवा तुमच्या हाताने पाणी हललं की ती बुडाली. अशा वेळी वाफ्यात फावडं घालू नका, वरवर अलगद गोळा करा.

पूर्वी वाफ्यांचा तळ चुन्याने गुळगुळीत करत, आता प्लॅस्टिक अंथरतात. त्याने मातीचा करडेपणा टळतो, पण प्लॅस्टिक खरवडलं तर तुकडे मिठात येतात. लाकडी, बोथट कडेचं फावडं वापरा.

समुद्राचं मीठ म्हणजे त्यात आयोडीन असणारच, असंही धरू नका. नैसर्गिकरीत्या ते त्यात नगण्य उरतं. रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच ठेवा आणि हे फूल ताटात वाढल्यावर वरून चिमूटभर घाला.