तयार कॉर्डवर चाल बांधताना

बॅकिंग ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेली साथ, लावला की थोड्याच वेळात काहीतरी गोड सुचतं, आणि तिथेच फसगत होते. तो गोडवा बहुतेक वेळा कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा असतो, चालीचा नव्हे. म्हणून स्वतःची गाणी करू पाहणाऱ्यांना मी आधी वाद्य बाजूला ठेवायला सांगतो. हातात गिटार असली की बोटं सवयीच्या जागी जातात. गळा मात्र श्वास घ्यायला थांबतो, आणि त्यातूनच चालीच्या ओळी तयार होतात.

सी, जी, ए मायनर, एफ हा हजारदा ऐकलेला क्रम घ्या. सी म्हणजे सा धरलं तर कॉर्डमधले स्वर असे: सा-ग-प, प-नि-रे, ध-सा-ग, म-ध-सा. आता चारही कॉर्डवर फक्त सा लावून ठेवा. सीवर तो निवांत असतो, ए मायनरवर जरा उदास, एफवर भरीव. जीवर मात्र टोचतो, कारण त्या कॉर्डमध्ये तो नाहीच, आणि खाली निवर उतरावंसं वाटतं. ही ओढ कानाला कळली की चालीत ती हवी तेवढी ताणता येते. मग हाच प्रयोग ग घेऊन करा. एफवर तो काय करतो ते ऐकाच! स्केल, म्हणजे ओळीने येणारे स्वर, वर-खाली घोळवण्यापेक्षा यातून कितीतरी जास्त हाती लागतं, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट सुरुवातीच्या जागेची. कॉर्ड बहुधा पहिल्या मात्रेवर बदलतो, आणि नवखा गाणाराही प्रत्येक ओळ तिथूनच उचलतो. स्वर तेच ठेवून ओळ एक मात्रा उशिरा किंवा आधी उचलून पाहा; चाल लगेच बोलू लागते.

सुचेल ते फोनवर रेकॉर्ड करा, शब्द नसतील तर ला-ला चालेल. दुसऱ्या दिवशी ट्रॅक न लावता तेवढंच गा. मुखडा आठवत नसेल तर बहुधा त्यात स्वर जास्त झालेत, एखादा छोटा तुकडा पुन्हा येऊ द्या. आठवतोय पण सपाट वाटतोय, तर चाल तशीच ठेवून तेच कॉर्ड ए मायनरपासून सुरू करा. काही चालींना खरी साथ अशीच सापडते, आणि मग तो मूळ ट्रॅक खुशाल काढून टाकावा.