फॉग नोड पॅनलमध्ये चढवण्याआधी

फॉग नोड म्हणजे मशीनजवळच बसून अनेक मशीनचा डेटा गोळा करणारा छोटा संगणक. त्याची ऑर्डर देण्याआधी एक वही घ्या आणि दोन दिवस शॉप फ्लोअरवर फिरा. प्रत्येक मशीनपाशी एकच प्रश्न विचारायचा: इथे काही बिघडलं तर किती वेळात हालचाल व्हायला हवी? गार्ड उघडला, इमर्जन्सी स्टॉप दाबला, प्रेसच्या लाइट कर्टनमध्ये (प्रकाशकिरणांच्या सुरक्षा-पडद्यात) हात आला, तर उत्तर मिलिसेकंदांत असतं. ते काम सेफ्टी रिले आणि सेफ्टी पीएलसीचं (पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा नियंत्रक). नोड कितीही महागाचा असो, माणसाच्या हाताची राखण त्याच्यावर सोपवू नका. स्पिंडलचं कंपन वाढतंय, कूलंट तापतंय, कॉम्प्रेसर नुसताच धावतोय, अशा गोष्टींना काही सेकंद ते काही मिनिटं मिळतात, त्या फॉगच्या. महिन्याचा वीजवापर किंवा दोन प्लांटची तुलना क्लाउडवर जाऊ दे. असे तीन रकाने भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी पाहिलेल्या फसलेल्या कामांपैकी बहुतेक याच पायरीवर फसली होती.

ढग जमिनीला टेकला की त्याचं धुकं होतं, त्यावरूनच ‘फॉग’ हे नाव. २०१२ च्या सुमारास सिस्कोच्या संशोधकांनी ते रूढ केलं आणि २०१८ मध्ये आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेचं १९३४ क्रमांकाचं मानकही आलं. व्हेंडर त्याला ‘एज’ म्हणाला तर वाद घालू नका. अनेक मशीनचा डेटा जवळच गोळा करून तिथल्या तिथे निर्णय घेणारा थर मिळतोय का, एवढं बघा.

मग डेटाचं गणित कागदावर मांडा. कंपनाचा एक सेन्सर सेकंदाला २५,६०० नमुने घेतो आणि प्रत्येक नमुना दोन बाइटचा आहे असं धरा. दिवसाला साधारण ४.४ जीबी होतात, तेही एका अक्षाचे. तीन अक्ष आणि दहा मशीन म्हटल्यावर रोजचे १३० जीबी. एमआयडीसीतल्या ब्रॉडबँडवरून हे रोज वर पाठवायचं नसतं. नोडने जागेवरच विश्लेषण करायचं, बेअरिंगच्या ठरावीक वारंवारतांवर नजर ठेवायची आणि मिनिटाला चार-पाच आकडे वर सोडायचे. कच्चा डेटा फक्त अलार्मच्या आगेमागचा जपायचा.

मशीनशी बोलायची भाषा हे सर्वांत वेळखाऊ काम, त्याला सढळ हाताने दिवस द्या. नव्या सीएनसीवर (संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या मशीनवर) ओपीसी यूए ही नवी भाषा मिळू शकेल. जुन्या एनर्जी मीटरवर आणि ड्राइव्हवर (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रावर) मात्र मॉडबस ही जुनी भाषाच असेल, १९७९ पासून चालत आलेली. मीटरच्या पुस्तिकेत ४०००१ लिहिलेला रजिस्टर (आकडा ठेवायचा कप्पा) सॉफ्टवेअरमध्ये बहुधा शून्य क्रमांकाने मागावा लागतो. दशांश संख्या दोन रजिस्टरमध्ये विभागलेली असते आणि त्यांचा क्रम प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने लावतो. क्रम उलटा पडला की २३० व्होल्टच्या जागी शून्य दिसतं, नाहीतर भलतीच अगडबंब संख्या. म्हणून प्रत्येक मीटरसमोर उभं राहून त्याच्या डिस्प्लेवरचा आकडा आणि नोडवरचा आकडा शेजारी शेजारी वहीत लिहा. लॅपटॉपवर बसून हे होत नाही.

मॉडबसचा डेटा वाहणारी आरएस-४८५ ची वायर ड्राइव्हच्या मोटर केबलच्या ट्रेमधून नेऊ नका. पीळ दिलेली शील्ड केबल घ्या, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावा. प्रत्येक वायरला फेरूल (टोकाची धातूची टोपी) आणि नंबर हवा, कारण रात्रपाळीत पॅनल उघडणारा माणूस तुम्ही नसणार.

नोडची जागा ठरवताना मे महिन्यातल्या दुपारी बंद पॅनलमध्ये थर्मामीटर ठेवून बघा. कोल्हापूरच्या फाउंड्रीत वाळूची आणि लोखंडाची बारीक धूळ कुठेही शिरते. तिथे पंख्याचा संगणक टिकणार नाही. बिनपंख्याचा, ६० अंशांपर्यंत चालणारा नोड धूळबंद पॅनलमध्ये बसवा आणि त्याला स्वतःचा २४ व्होल्टचा बॅकअप द्या.

वेळेकडे फार कमी लोक लक्ष देतात. सगळ्या पीएलसी आणि नोड कारखान्यातल्याच एका टाइम सर्व्हरवरून घड्याळ लावतील, असं करा. साठवताना यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, भारतापेक्षा साडेपाच तास मागे) ठेवा, पण अहवाल भारतीय वेळेनेच कापा. नाहीतर दिवस पहाटे साडेपाचला बदलतो आणि अकरा ते सातच्या तिसऱ्या पाळीचा शेवटचा दीड तास दुसऱ्याच तारखेत जातो. त्या पाळीचं उत्पादन कमी दिसतं आणि बोलणी खातो तो ऑपरेटर. मी हे घडताना पाहिलंय, म्हणून इतकं सांगतोय.

नेट गेल्यावर डेटा नोडवरच साठायला हवा. वीस मशीन, सेकंदाला प्रत्येकी २०० बाइट, असा हिशेब केला तर आठवड्याचे अडीच जीबीसुद्धा होत नाहीत. साधं एसडी कार्ड मात्र सततच्या लिहिण्याने झिजतं, औद्योगिक दर्जाची एसएसडी मागून घ्या. नेट परतल्यावर तीच नोंद दोनदा जाऊ शकते, म्हणून प्रत्येक नोंदीला वेगळा क्रमांक द्या.

मशीनचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडा, एमक्यूटीटी (नोडचा डेटा वर पाठवायची पद्धत) उघड्या १८८३ पोर्टवर न ठेवता ८८८३ वर एन्क्रिप्शनसह चालवा, आणि पेनड्राइव्हचा नियम कडक ठेवा. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा औद्योगिक यंत्रणांवर हल्ला करणारा व्हायरस पेनड्राइव्हवरूनही पसरत होता. पॅनलच्या मागेही हात घालून बघा. एका कारखान्यात मला तिथे सिमकार्डचा राउटर सापडला. मशीन देणाऱ्यांनी सर्व्हिससाठी ठेवलेला, दोन वर्षं चालू आणि पासवर्ड खोक्यावर छापलेला तोच.

हे सगळं चालू असताना ऑपरेटर मंडळींना एकत्र बसवून सांगा की नोड काय मोजतो आणि काय मोजत नाही. आकड्यांवरून कुणाचा पगार कापला जाणार नसेल तर ते मालकांनी स्वतःच्या तोंडून सांगावं. ‘मशीन आवाज करतंय’ हे पंधरा वर्षांच्या कानाने ओळखणारा माणूस तुमचा सर्वांत चांगला सेन्सर आहे; अलार्मची मर्यादा त्याला विचारून ठरवा आणि स्क्रीनवरचा मजकूर मराठीत ठेवा. सुरुवातीला एका मशीनला दोन-तीनच अलार्म पुरे.

शेवटी परीक्षा. चालू उत्पादनात नोडची वीज दहा वेळा अचानक काढा आणि तो दर वेळी हात न लावता उठतो का ते पाहा. त्याची पूर्ण प्रत दुसऱ्या यंत्रावर चढवून तासाभरात बदली करून बघा. मग पहिल्या पाळीच्या सुरुवातीला ब्रॉडबँडची वायर उपसा, पाळी संपेपर्यंत तशीच राहू द्या आणि परत जोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लाउडवरची नगांची संख्या ऑपरेटरच्या रजिस्टरशी ओळीगणिक ताडून बघा. जुळली की व्हेंडरचा शेवटचा हप्ता सोडा.