परदेशी जाणाऱ्या नर्सचा हिशोब कसा ठेवावा

विमानतळावर कोणी "मी नर्स आहे, आता परत येणार नाही" असं लिहून देत नाही. त्यामुळे गेलेल्यांची एकच तयार यादी मिळेल ही आशा सोडावी. हिशोब दोन टोकांनी लावायचा: इथून निघण्याच्या तयारीचे कागद आणि तिथे पोहोचल्यावरची नोंदणी. पहिल्या टोकाचा आकडा फुगलेला असतो, दुसऱ्याचा उशिरा येतो.

आधी "परदेशी" कोणाला म्हणायचं ते ठरवा. जन्म, नागरिकत्व आणि शिक्षणाचा देश या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गोव्यात शिकलेली नर्स पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेली, तर नागरिकत्वाच्या तक्त्यात ती पोर्तुगालची, शिक्षणाच्या तक्त्यात भारताची. आरोग्यसेवेसाठी शिक्षणाचा देश धरणं बरं, कारण तिला तयार करण्याचा खर्च तिथेच झालेला असतो. उलटा घोळही होतो: रशियात एमबीबीएसच्या तोडीचं शिकून परतलेला कोल्हापूरचा मुलगा "परदेशात शिकलेला डॉक्टर" ठरतो, पण तो काही स्थलांतरित नव्हे.

मग पद ठरवा. आंतरराष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात, म्हणजे इस्को-०८ मध्ये, नर्सचा कोड २२२१ आणि सहायक नर्सचा ३२२१ आहे. घरी जाऊन काळजी घेणाऱ्याचा ५३२२. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीची पदविका) झालेली मुलगी तिथे केअर वर्कर म्हणून लागली की ती नर्सच्या मोजणीतून गायब होते. एएनएमचा (ऑक्झिलरी नर्स-मिडवाइफ, म्हणजे सहायक नर्सचा) रकाना सुरुवातीपासून वेगळा ठेवा, नंतर वेगळा काढता येत नाही.

इथल्या टोकाला सगळ्यात उपयोगी कागद राज्य नर्सिंग कौन्सिलकडून परदेशी जाणारं पडताळणीपत्र, म्हणजे तिची नोंदणी खरी असल्याचं तिथल्या संस्थेला कळवणारं पत्र. मोजायची माणसं, पत्रं नव्हेत. समजा वर्षात १०० पत्रं गेली. काहींनी इंग्लंड, आयर्लंड आणि ऑस्ट्रेलिया अशा तिन्हीकडे अर्ज केलेले असतात, त्यामुळे माणसं कदाचित ६०च निघतील, आणि त्यातल्याही सगळ्या जात नाहीत. जुळणी नोंदणी क्रमांक आणि जन्मतारखेवर करा, नावावर कधीही नको. कांबळे हे आडनाव इंग्रजी कागदांवर दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, आणि लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. पास झाल्याचं वर्षही उतरवून घ्या: नुकती पास झालेली मुलगी जाणं आणि आयसीयूत आठ वर्षं काढलेली सिस्टर जाणं हे वॉर्डाच्या दृष्टीने एकसारखं नुकसान नाही.

मुंबईच्या खाजगी रुग्णालयांत केरळ-कर्नाटकात शिकलेल्या नर्स बऱ्याच. त्यांची पडताळणी मूळ राज्याच्या कौन्सिलकडून होऊ शकते. म्हणून "शिक्षण कुठे" आणि "शेवटची नोकरी कुठे" असे दोन रकाने हवेतच, नाहीतर महाराष्ट्राने गमावलेल्या बऱ्याच नर्स दुसऱ्या राज्याच्या खात्यावर पडतील.

ई-मायग्रेट या केंद्र सरकारच्या परदेशी नोकरीसाठीच्या पोर्टलवरची नोंद जपून वापरा. २०१५पासून आखाती देशांसारख्या ईसीआर (उत्प्रवास तपासणी आवश्यक) यादीतल्या देशांत नोकरीला जाणाऱ्या नर्सना उत्प्रवास परवानगी लागते. इंग्लंड, जर्मनी, अमेरिका या यादीत नाहीत, तेव्हा फक्त ई-मायग्रेट पाहिलं तर सगळ्या नर्स आखातातच जातात असं वाटेल.

पोहोचण्याच्या टोकाला ब्रिटनची नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल वर्षातून दोनदा, शिक्षणाच्या देशानुसार आकडे देते. त्यात नव्याने दाखल झालेल्यांचा आकडा हा प्रवाह आणि एकूण नोंदणीचा आकडा हा साठा. दोन वर्षांच्या साठ्यांची वजाबाकी करून प्रवाह काढू नका, मधल्या काळात नोंदणी सोडून गेलेल्या त्यात बुडतात. ब्रिटिश व्हिसाचे आकडे नागरिकत्वानुसार असतात. हेल्थ अँड केअर व्हिसाची नुसती एकूण बेरीज घेतली, तर २०२२पासून त्यात केअर वर्करही मिसळलेले सापडतात. अमेरिकेत नर्सचा परवाना मिळवण्यासाठीच्या एनक्लेक्स परीक्षेचे देशवार आकडे मिळतात, पण पास होणं म्हणजे पोहोचणं नव्हे. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षं जातात.

हे सगळे स्रोत एकमेकांत मिळवू नका. दुबईला गेलेली सिस्टर चार वर्षांनी मँचेस्टरला जाते आणि बेरजेत दोनदा येते. प्रत्येक देशाची ओळ वेगळी, प्रत्येक ओळीपुढे स्रोत आणि वर्ष. परदेशी आकडे "भारत" एवढंच सांगतात. त्यातला महाराष्ट्राचा वाटा पडताळणीपत्रांच्या प्रमाणावरून काढलात, तर शेजारी "अंदाज" असं स्पष्ट लिहा.

रुग्णालय पातळीवर राजीनाम्याच्या वेळी विचारलेलं उत्तर बहुधा खोटं असतं, कारण अनुभवपत्र अडवतील ही भीती. ते हातात दिल्यानंतरच वेगळा छोटा फॉर्म द्या: देश, नोकरी ठरली आहे का, कोणाकडून, कोणता विभाग सोडला. सरकारी रुग्णालयात आणखी एक खड्डा आहे. विनावेतन रजेवर किंवा परवानगीशिवाय गैरहजर असलेली नर्स कागदावर पदावरच असते, म्हणून रिक्त पदं कमी दिसतात आणि ड्युटी लावताना माणूस मिळत नाही. अशांची यादी हजेरीपटावरून दर तीन महिन्यांनी काढा.

नोंदणीचं नूतनीकरण झालं नाही म्हणजे ती परदेशी गेली, असंही धरू नये. नोकरी सोडली असेल, आजारपण असेल, मृत्यूही झाला असेल. त्याऐवजी नूतनीकरणाच्या अर्जातच एक प्रश्न घाला: मागच्या नूतनीकरणानंतर परदेशात काम केलं का, कोणत्या देशात, कधीपासून कधीपर्यंत? परतून आलेल्यांची नोंद मिळण्याची जवळजवळ हीच एक जागा आहे, आणि त्यांच्याशिवाय निव्वळ घट काढता येत नाही.

आरोग्य कर्मचाऱ्यांच्या परदेशी भरतीबद्दलच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१०च्या संहितेनुसार देश दर तीन वर्षांनी अहवाल पाठवतात. त्यासाठी वरचे रकाने वर्षवार तयार असले की पुरतं. तक्ता बाहेर देताना मात्र नोंदणी क्रमांक काढून टाका. एखाद्या तालुक्यातून एखाद्या देशात पाचपेक्षा कमी जणी गेल्या असतील, तर तो आकडा जिल्ह्यात मिसळा. लहान गावात "फिनलंड: १" एवढ्यावरून सगळ्यांना कळतं ती कोण.