कोचिंग आणि चेंजचं काम एकाच क्लायंटकडे घेणार असाल तर आधी हे वाचा

२२ वर्षं नोकरी केली, शेवटची ९ मोठ्या टीम सांभाळण्यात गेली, मग राजीनामा देऊन कोचिंग (मॅनेजरशी एकेकट्याने बोलून त्याला स्वतःचा मार्ग शोधायला मदत करणं) आणि चेंज (कंपनीतला मोठा बदल माणसांना सोबत घेऊन पार पाडणं) यांची स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली त्याला आता चौथं वर्ष लागलंय. तुम्हीही नोकरी सोडून यात येणार असाल तर काही महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, जुन्या ओळखी जपा, हे सगळं तुम्हाला माहितीच असणार. मला जे भोवलं तेवढंच सांगते.

पहिलं मोठं काम ओळखीतूनच आलं. दोन डिपार्टमेंट एकत्र करायची होती, त्याचं चेंजचं काम माझ्याकडे, आणि वर ते म्हणाले चार सीनियर मॅनेजरना कोचिंगही तुम्हीच द्या. मी लगेच हो म्हटलं. तिथेच चुकलं. चेंजवाल्याचं काम म्हणजे कोण तयार आहे, कोण अडून बसलंय हे हेरून वरच्यांना सांगायचं. कोचचं काम म्हणजे समोरचा जे बोलेल ते खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही. एकाच माणसाबाबत ही दोन्ही कामं होत नाहीत, कितीही अनुभव असू दे.

सहाव्या सेशनला त्यातला एकजण म्हणाला की त्याला हे एकत्रीकरण पटत नाही, तो बाहेर नोकरी बघतोय. पुढच्याच आठवड्यात हे एकत्रीकरण बघणाऱ्या वरच्यांच्या कमिटीच्या मीटिंगमध्ये साहेब एकेकाचं नाव घेऊन विचारायला लागले, हा आपल्याबरोबर आहे ना? तिघांना मी "हो, तयार आहेत" म्हणून मोकळी झाले होते. याचं नाव आलं तेव्हा वहीत बघितलं आणि म्हटलं, "ते तुम्ही त्यांनाच विचारा." बस्स, एवढंच. पण सगळ्यांना कळायचं ते कळलं. नव्या रचनेत त्याला जागा मिळाली नाही. त्याचा एकच मेसेज आला, "मॅडम, मी फक्त तुम्हालाच सांगितलं होतं." त्याला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

म्हणून आता कमिटीत मी कोणाही माणसाबद्दल बोलत नाही, चांगलंसुद्धा नाही, कारण एकाचं कौतुक केलं की दुसऱ्याबाबत गप्प बसणं हेसुद्धा सांगणंच होतं. कोचिंगचा करार तिघांमध्ये करते: पैसे देणारी कंपनी, कोचिंग घेणारा आणि मी, आणि पहिल्या सेशनच्या आधी तिघं एकत्र बसतो. कंपनीला फक्त सेशन झालं की नाही एवढंच कळेल, बाकी काय सांगायचं ते तो माणूस स्वतः सांगेल, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. आणि चेंजचं काम माझ्याकडे असेल तर तिथलं कोचिंग मी दुसऱ्या कोचकडे देते. पैसे जातात, हो, जातात.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर शॉर्टकट घेऊ नका. आयसीएफ म्हणजे कोचना सर्टिफिकेट देणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिच्या एसीसी या पहिल्या पायरीच्या सर्टिफिकेटला किमान ६० तासांचं ट्रेनिंग आणि १०० तासांचं कोचिंग लागतं, त्यातले ७५ तास पैसे घेऊन केलेले, त्याच्या वरच्या पीसीसीला तर कोचिंगचेच ५०० तास. दोन दिवसांच्या वर्कशॉपमधून हे येत नाही. आणि जो मेंटर तुम्हाला क्लायंट कसे मिळवायचे एवढंच शिकवतो पण तुमचं एकही सेशन ऐकत नाही, त्याला फी देऊ नका, हे माझं ठाम मत आहे.

सुरुवातीचे महिने फोन वाजत नाही, त्याने खचू नका, माझे पहिले पाच महिने असेच गेले आणि तेव्हा वाटायचं की आपण खुर्चीमुळेच कोणीतरी होतो. तसं नसतं, माणसं वाचायची सवय तुमच्याकडे आहे, ती कुठे जात नाही. फक्त उत्तर द्यायची घाई आवरा, मॅनेजर असताना तेच केलेलं असतं, त्यामुळे ते सुटायला मला वर्ष गेलं.

आणि ज्यांनी ऑलरेडी दोन्ही कामं घेतलीयत त्यांनी घाबरू नका, अजून सावरता येतं. पुढच्या मीटिंगच्या आधी ज्यांना कोचिंग देताय त्या प्रत्येकाला भेटा, तुम्ही त्या कमिटीत बसता हे स्वतःच्या तोंडाने सांगा, आणि त्यांना दुसरा कोच हवा असेल तर त्याच दिवशी शोधायला लागा.