रोमन नाण्यावरून साम्राज्याची घसरण कशी ओळखावी

साम्राज्य घसरत गेलं, तशी नाण्यातली चांदीही घटत गेली. ती ओळखायला आधी चांदीच्या नाण्यावरचं डोकं पाहा. पानांची माळ असेल तर बहुधा देनारियस, म्हणजे रोमचं नेहमीचं चांदीचं नाणं. सूर्यकिरणांसारखा काटेरी मुकुट असेल तर सम्राट कॅराकलाने इ.स. 215 मध्ये आणलेलं अँटोनिनियानस हे नाणं. किंमत दोन देनारियसची, चांदी मात्र जेमतेम दीडपट. सरकारी लबाडीच ती!

मग 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन करा. पहिला सम्राट ऑगस्टसचं देनारियस सुमारे 3.9 ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध चांदीचं. सम्राट नीरोने इ.स. 64 च्या सुमारास वजन आणि कस (चांदीची शुद्धता) दोन्ही उतरवले. नुसत्या वजनावर विसंबू नका, झिजलेलं नाणंही हलकं भरतं.

सम्राट गॅलिएनसच्या (इ.स. 253–268) अखेरच्या नाण्यांत चांदी 5 टक्क्यांच्याही खाली गेली. ही नाणी घासू नका. चांदीचा पातळ मुलामा निघून जाईल आणि खाली तांबंच उरेल.