'पहिली महिला' लिहिताय? आधी या चुका टाळा

डीटीपी आणि प्रूफ तपासायचं काम करते मी, पंधरा वर्षं झाली. आमचे दोन सीझन ठरलेले, ३ जानेवारी आणि ८ मार्च. सावित्रीबाईंची जयंती आणि महिला दिन. आदल्या रात्री सगळ्या शाळांना, मंडळांना, पतसंस्थांना एकदम साक्षात्कार होतो की अरे आपल्याला फ्लेक्स पाहिजे, स्मरणिका पाहिजे, 'भारतातील पहिल्या महिला' असा तक्ता पाहिजे. मजकूर कुठून येतो? व्हॉट्सअ‍ॅपवरून. दरवर्षी तोच, त्याच चुकांसकट, फक्त खालचं गुलाबाचं फूल बदललेलं असतं. म्हणून म्हटलं एकदाच लिहून काढावं, निदान पुढच्या वर्षी कुणाला तरी लिंक टाकता येईल.

'पहिली महिला डॉक्टर' एवढंच लिहून मोकळं होणं

ही माझी लाडकी चूक, आणि यात मी स्वतः तोंडावर आपटलेय.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ७ मार्च, रात्रीचे साडेदहा. एका मंडळाचा आठ बाय चारचा फ्लेक्स, मधोमध आनंदीबाई जोशींचा फोटो, खाली 'देशातील पहिली महिला डॉक्टर'. फोटो त्यांनीच पाठवला होता, कापून. भरपूर दागिने घातलेली तरुण बाई. मी घाईत होते, मशीनवाला जेवायला निघाला होता, ओके म्हटलं आणि छापून टाकलं. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात पहिल्या रांगेतल्या एक आजी उठल्या, फ्लेक्सजवळ गेल्या, चष्मा वर करून बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, हिच्या अंगावर साडी कुठाय?"

झालं असं होतं की १८८५ चा तो प्रसिद्ध फोटो आहे ना, फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजमधला, तीन मुली शेजारी शेजारी बसलेल्या. एक आनंदीबाई, साडीत. मधली जपानची केई ओकामी, किमोनोत. तिसरी सीरियाची सबात इस्लामबुली, तिच्या देशाच्या पारंपरिक पोशाखात, डोक्यावर-गळ्यात दागिने. फोटो कापणाऱ्याने 'दागिने जास्त म्हणजे आपलीच' असा हिशोब लावला आणि सबातबाई आमच्या चौकात भारताच्या पहिल्या डॉक्टर म्हणून दिवसभर लटकल्या. पैसे मी परत दिले. मान खाली गेली ती वेगळीच.

आता फोटोचं सोडा, खालचं वाक्यही अर्धवटच होतं. आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये, अमेरिकेत. त्याच १८८६ साली इकडे कोलकात्यात कादंबिनी गांगुली मेडिकल कॉलेजमधून बाहेर पडल्या. आनंदीबाई परत आल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक झालेली होती, पण क्षयाने पोखरलेल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. बावीस पूर्ण व्हायला महिना बाकी होता. म्हणजे त्यांना प्रॅक्टिस करायला मिळालीच नाही. तरी दरवर्षी एखाद्या भाषणात 'आनंदीबाईंनी हजारो गोरगरीब स्त्रियांवर उपचार केले' असं वाक्य येतंच. कुठे केले हो? कधी केले? कादंबिनींनी मात्र प्रॅक्टिस केली, १८९३ मध्ये एडिंबराला जाऊन आणखी पात्रता मिळवून आल्या, आणि १९२३ ला गेल्या तोपर्यंत त्या डॉक्टरच होत्या. आणि आपल्या रखमाबाई, लंडनला शिकून आल्या, सुरत आणि राजकोटला कितीतरी वर्षं दवाखाना सांभाळला.

मग पहिली कोण? अहो, प्रश्नच अर्धा आहे. परदेशात जाऊन वैद्यकीय पदवी घेणारी पहिली हिंदू स्त्री म्हणायचं असेल तर आनंदीबाई. इथे शिकून इथेच प्रॅक्टिस करणारी म्हणायचं असेल तर कादंबिनींचं नाव घ्यावंच लागतं. 'पहिली' हा शब्द एकटा उभा राहत नाही, त्याच्या मागे 'कशात' आणि 'कुठे' लागतं. एवढं वाढवलं तर फ्लेक्सवर अर्धी ओळ जास्त जाते, अक्षर दोन पॉइंटने कमी करा, आभाळ कोसळत नाही.

माझी सवय सांगते. कुठलाही मजकूर आला की मी पेन्सिलने 'पहिली' या शब्दाभोवती गोल काढते आणि बाजूला तीन रेघा मारते: कशात, कुठे, कुठल्या साली. तिन्ही रेघा भरल्या नाहीत तर फाइल परत. लोक वैतागतात, म्हणतात ताई तुम्ही फार किचकट. असू दे.

'पतीच्या खंबीर पाठिंब्यामुळे'

या वाक्याचा ब्लॉक लोकांनी कुठेतरी सेव्ह करून ठेवलाय अशी मला दाट शंका आहे. नाव बदलायचं, बाकी तेच. एका स्मरणिकेत प्रत्येक बाईला अर्धं पान होतं आणि प्रत्येक पानावर हे वाक्य, आणि मी वाचत वाचत रखमाबाईंच्या पानावर आले तर तिथेही 'पतीच्या खंबीर पाठिंब्यामुळे त्या डॉक्टर झाल्या'.

मी चहा बाजूला ठेवला आणि हसत सुटले, मग डोकं धरलं. अहो त्या बाईंची सगळी कहाणीच नवऱ्याविरुद्धची आहे! अकराव्या वर्षी लग्न, नांदायला गेल्याच नाहीत, नवरा दादाजी भिकाजी १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात गेला. पहिल्या न्यायाधीशांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, मग अपील, आणि १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाते. सगळ्या देशात गाजलं ते प्रकरण, लंडनच्या पेपरांत आलं. १८८८ मध्ये पैसे देऊन मिटलं, दोन हजार रुपये, आणि मग त्या लंडनला मेडिकलला गेल्या. पाठिंबा असलाच तर सावत्र वडिलांचा, डॉ. सखाराम अर्जुन यांचा.

संपादकबाईंना फोन केला तर म्हणतात, "पण मग वाक्य मोकळं मोकळं वाटेल ना." मोकळं वाटू दे की. मी ते वाक्य सगळ्या पानांवरून उडवलं आणि जिथे खरोखर कुणी मदत केली तिथे त्या माणसाचं नाव घालायला सांगितलं. निम्म्या पानांवर घालायला नावच सापडलं नाही.

आणि आनंदीबाईंच्या नवऱ्याबद्दल, गोपाळरावांबद्दलही जरा जपून लिहा. त्यांनीच शिकवलं हे खरं, शिकण्याचा हट्ट त्यांचाच, पण माणूस तऱ्हेवाईक होता हेही खरं. 'आदर्श पती' असं लिहून मोकळं होऊ नका.

पदवी, परीक्षा, सनद यांचा गोपाळकाला

इथे साल लिहिणारा घोळतो. कॉर्नेलिया सोराबजी, देशातल्या पहिल्या महिला वकिलांपैकी एक, जन्म नाशिकचा, बरं का, नाशिककरांनाच माहीत नसतं. त्यांच्यापुढे कुणी १८९२ लिहितं, कुणी १९२१, कुणी १९२२, कुणी १९२३, आणि मग ग्रुपवर भांडणं. गंमत म्हणजे सगळीच सालं आपापल्या जागी बरोबर. १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवीच देत नव्हतं, ते सुरू झालं १९२० ला, म्हणून पदवी हातात पडली १९२२ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. मधल्या काळात १९२१ ला अलाहाबाद हायकोर्टाने वकील म्हणून नोंद केली. आणि १९२३ चा कायदा झाला तेव्हा बाई आहे म्हणून वकिली नाकारायची सोय देशभर संपली. तीस वर्षं एक बाई परीक्षा पास होऊन बसलीय आणि आपण तिच्यापुढे एक साल टाकून पुढे जातो, यात मजकुराचा जीवच गेला की. मुंबई हायकोर्टाचं विचारत असाल तर तिथे नाव मिठन टाटांचं, लग्नानंतरच्या मिठन लाम.

विज्ञानातही तसंच. कमला सोहोनींना लोक सरसकट 'पहिली महिला पीएचडी' करून टाकतात. त्या केंब्रिजच्या, १९३९. जानकी अम्माळना मिशिगनमधून डी.एस्सी., म्हणजे विज्ञानातली डॉक्टरेट, मिळाली १९३१ मध्येच. आणि भारतातल्या विद्यापीठातून विज्ञानात डॉक्टरेट घेणाऱ्या पहिल्या असीमा चॅटर्जी, कोलकाता, १९४४. बरं, कमलाबाईंचं खरं सांगायचं ते सोडूनच देतात: बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी नाहीच म्हटलं होतं, मग अटी घालून घेतलं. हे छापा ना. पण नाही, 'पहिली' आणि पुढे उद्गारचिन्हं तीन.

बाकीच्या, पटापट

काँग्रेसच्या पहिल्या महिला अध्यक्ष सरोजिनी नायडू नाहीत. अ‍ॅनी बेझंट, १९१७. सरोजिनीबाई १९२५, पहिल्या भारतीय महिला.

शशिकला काकोडकर गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री, १९७३. देशातल्या दुसऱ्या नाहीत, तिसऱ्या. पहिल्या सुचेता कृपलानी, दुसऱ्या ओडिशाच्या नंदिनी सत्पथी. गोव्याच्या एका गिऱ्हाइकाला हे सांगितल्यावर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

पी. टी. उषाला ऑलिंपिक पदक देऊ नका. १९८४ ला चौथी आली, सेकंदाच्या शंभराव्या भागाने. भारतीय महिलेचं पहिलं पदक कर्णम मल्लेश्वरीचं, सिडनी २०००.

कल्पना चावला अंतराळात गेली तेव्हा अमेरिकन नागरिक होती. 'भारतीय वंशाची' लिहा.

फातिमा बीवी सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश, १९८९. हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश अ‍ॅना चंडी, केरळ, १९५९. आणि हायकोर्टाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश लैला सेठ, हिमाचल, १९९१. तिघींना एकाच ओळीत कोंबू नका, मुलं परीक्षेत तेच लिहितात.

सिनेमातली पहिली अभिनेत्री देविका राणी नव्हे. १९१३ च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई होत्या. त्याआधी 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती पुरुषाने केली होती, कारण बाईच मिळेना.

सावित्रीबाईंनी 'नवव्या वर्षी शाळा काढली' हे दोनदा आलंय माझ्याकडे. नवव्या वर्षी लग्न झालं. शाळा १८४८, भिडे वाडा, जन्म १८३१, करा वजाबाकी. इथे मला शॉर्टकटवाल्यांचा खरा राग येतो, कारण ही वजाबाकी चौथीतल्या पोराला येते. जन्मसाल आणि घटनेचं साल शेजारी लिहा, वय काढा, ते माणसाचं वय वाटतंय का बघा. निम्म्या चुका इथेच पकडल्या जातात, इंटरनेटसुद्धा लागत नाही.

आणि हो, फोटो पाठवताना कापू नका. पूर्ण पाठवा, कापायचं मी बघते. ७ मार्चला रात्री नऊनंतर फाइल घेत नाही, दोन वर्षं झाली, आणि तरी साडेदहाला फोन वाजतोच.